अल खोरच्या पबमधलं मासिक श्राद्ध

त्या दिवशी माझा नवरा कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून उतरला आणि थांब्यावरच बसला. सोबतच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. तिथे तो गेला.

पुढच्या महिन्यात तिथी आली तेव्हा मोठ्या जाऊबाई नाशिकहून येऊन राहिल्या होत्या. त्यांनी वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी केली. पान वाढताना म्हणाल्या, "अगं, भावजींच्या आवडीचं एक तरी काही हवं. काय करू, सांग."

"ते घरात होत नाही, वहिनी."

नवरा लग्नाआधी इंग्लंडातल्या एका बंदरगावी नोकरीला होता. तिथे त्याला एलची गोडी लागली. एल म्हणजे बिअरच, पण बाटलीत भरल्यावरही मुरत राहणारी. अल खोरच्या समुद्रकाठच्या हॉटेलातल्या पबमध्ये ती मिळे. दर शुक्रवारी आम्ही जायचो. तो बाटली आधी फ्रीजबाहेर काढून ठेवायला लावी. मग तिरप्या ग्लासात हळूहळू ओते आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू देई. त्याचा ग्लास संपेपर्यंत माझं पुस्तकातलं एखादं प्रकरण वाचून होई. मी कधी घेतली नव्हती.

"संध्याकाळी मी तिकडे जाणार आहे," मी म्हटलं.

"सुतक फिटतंय न फिटतंय तोच गुत्त्यात? इथल्या मराठी मंडळातल्या बायका काय म्हणतील?"

"म्हणोत. खीर त्याला कधीच आवडली नाही. तुम्हालाही ठाऊक आहे."

संध्याकाळी मात्र त्या पर्स घेऊन दारात उभ्या. "एकटीला सोडणार नाही. पण मी लिंबू-सोडाच घेईन, आधीच सांगते."

पबच्या दारात माझं ओळखपत्र आणि त्यांचा पासपोर्ट मशीनवर तपासला गेला. जाऊबाई पुटपुटल्या, "देवळात तरी एवढं विचारत नाहीत!"

आत फुटबॉल वर्ल्ड कपच्या कामांवरचे इंजिनिअर बसले होते. तंबूच्या आकाराचं ते स्टेडियम कधी पुरं होणार, यावर पैजा चालल्या होत्या. मी बाटली मागितली.

"साहब के लिए, मॅडम?" बारमनने विचारलं.

"नहीं. मेरे लिए."

मी घाईने ओतली. गाळ ग्लासात उतरला, एल गढूळ झाली. तशीच प्यायले.

"कशी आहे?" जाऊबाईंनी विचारलं.

"कडू."

"मग कशाला पितेस?"

"तुम्ही खीर कशाला केलीत?"

मी ग्लास संपवेपर्यंत त्या बसून राहिल्या, आणि बारमन बाटली उचलायला आला तेव्हा त्याला हातानेच थांबवलं.

भारतात परतताना त्या म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर नाशिकला." मी नाही म्हटलं. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी माझी आहे, व्हिसाही त्याच नोकरीवरचा, माझाच. कंपनीचं घर सोडावं लागलं. आता दोह्यात, अल मुंतझा भागात एक खोली आहे. दर महिन्याच्या तिथीला मी बसने अल खोरला जाते.