शेंगदाणा कुठं थांबतो

मी शाळा शिकलो ते माझ्या थोरल्या बहिणीमुळं, सुमनआक्कामुळं. यंदा सगळ्या घराला बर्फात स्कीइंगला न्यायचं होतं, पण तीच अडून बसली, "घसरत सुटले तर थांबवंल कोण?"

औली की गुलमर्ग, निलंग्याच्या एसटीत मी मोबाइलवर बघत होतो. शेजारच्या सुट्टीवरच्या फौजीला आक्काची भीती सांगितली, तसा त्यानं एक तळहात तिरपा धरला, त्याखाली दुसरा सपाट, आणि मला वरून माझ्या पुडीतला एक शेंगदाणा सोडायला लावला. शेंगदाणा घरंगळला, खालच्या हातावर थांबला.

"भाऊ, उतार कुठं संपतो ते बघा. गुलमर्गला नवशिक्यांसाठी खाली सपाट मैदान हाय." हसत त्यानं शेंगदाणा खाऊन टाकला.

त्याच दिवशी मी पत्र टाकलं:

"आक्का, गुलमर्ग पक्कं! तिथं माणूस आपोआप थांबतंय. शाळेत जायला तू मला ढकलायचीस, आता ढकलायची पाळी माझी."