टाकीलाही श्वास लागतो

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. टेबलावर उभं कापलेलं जुनं इंजिन, समोर विमान शिकायला आलेली नवी मुलं, आणि मी सांगत होते की या इंजिनाला बॅटरी लागते ती फक्त सुरू व्हायला. एकदा फिरू लागलं की ठिणगी ते स्वतःच तयार करतं. फोनवर मामेभाऊ होता. "बाबा गेले, ताई... झोपेतच." मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि तास पुरा केला. कुणाला ते विचित्र वाटलं असेल तर वाटो. त्या इंजिनातलं मला जे काही कळतं ते नामदेवमामांनी शिकवलेलं, आणि अर्ध्यावर सोडून उठलेलं त्यांना खपलं नसतं. नंतर विमानं ठेवायच्या हँगरच्या मागे जाऊन रडले. रडताना रागही आला. तो राग इतके आठवडे झाले तरी पुरता गेलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

मामा सानगडीचे. तलावाखालची धानाची शेती, घरचा डिझेल पंप उघडता-जोडता इंजिनाचं वेड लागलं. शिकले, विमानाच्या इंजिनांचे इंजिनिअर झाले, बाहेर नोकऱ्या केल्या आणि शेवटी आमच्या भागातल्या विमानशाळेत आले. मी लाखनीची, त्यांची भाची; त्यांच्यामुळेच इथे उडायला शिकले आणि पुढे इथेच शिकवू लागले. मामांची शिकवणी जेवणाच्या पाटावर चालायची. ताटातल्या वाट्या समोरासमोर मांडून म्हणायचे, "हे चार सिलिंडर, आडवे झोपलेले. पाण्याचं काम नाही, वाराच थंड करते. एकेकाले दोन प्लग, ठिणगी देणारे दोन वेगळे मॅग्नेटो. एक मेला तं दुसरा घरी आणते." ऑइल नुसतं वंगण नाही, पोटातली उष्णता तेच बाहेर नेतं. उंच गेलं की हवा विरळ होते, तेव्हा पेट्रोलही हात राखून द्यायचं, नाही तर प्लग काळे पडतात. मामी वैतागायची. "तुमचं इंजिन उचला, भाजी निवून राहिली." मामा वाट्या उचलायचे आणि घास हातात धरून कार्बुरेटर सुरू करायचे.

त्यांचा एक हट्ट होता. इंजिनाला हात लावून 'उडायला योग्य' अशी सही केली की पहिल्या उड्डाणात ते स्वतः शेजारी बसणार. असा काही कायदा नाही. पण आपण आवळलेल्या नट-बोल्टच्या भरवशावर दुसऱ्याला एकट्याला पाठवायचं, हे त्यांना जमायचं नाही. मी उडवू लागले तेव्हापासून मामीला तो हट्ट मुळीच पसंत नव्हता. "दोघंही एकाच डब्यात कायले बसता? एकानं तं घरी राहा." मामा हसून चप्पल घालायचे.

ते सगळं घडलं तेव्हा मळणीचे दिवस होते. भुसा सगळीकडे उडत होता आणि हँगरमध्ये कुंभारणी फिरत होत्या. कुंभारीण म्हणजे चिखलाचं घर बांधणारी माशी. बारीक नळी दिसली की हिचा संसार सुरू. विमानाच्या पंखाखाली अशीच एक नळी असते, टाकीला हवा देणारी. पेट्रोल खाली उतरेल तशी हवा आत यायला हवी. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, एक धारेला आणि एक हवेला, तसंच हे. दुरुस्तीला उभ्या असलेल्या विमानाच्या त्या नळीची टोपी तुटली होती, नवी आली नव्हती. मग मामांनी तेच केलं जे आमच्याकडे कोणीही शेतकरी पंपाच्या नळीला करतो. पुसायला म्हणून मामीने दिलेल्या जुन्या लुगड्याची चिंधी पिळली आणि आत कोंबली. उड्डाणाच्या दिवशी त्यांनी ती ओढून काढली. नळी त्यांनी पाहिली, मीही पाहिली. मोकळी होती. चिंधीचा एक तुकडा फाटून आतल्या वळणावर अडकला होता, तो बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं.

एक सिलिंडर बदललेला, म्हणून मामा शेजारी बसलेले. लाखनी मागे पडली. खाली हायवेवर ट्रकांची रांग दिसत होती, आणि इंजिनाचा आवाज बदलला. आधी बारीक थरथर, मग ठसका लागल्यासारखे झटके. मला वाटलं, कार्बुरेटरमध्ये, पेट्रोल हवेत मिसळतं तिथे, बर्फ धरला; तलावांच्या मुलखात थंडीच्या दमट हवेत तसं होतं. गरम हवेची कळ ओढली. काही नाही. मिश्रण पुरतं दिलं, पेट्रोलची चावी पाहिली, मॅग्नेटो एकेक करून पाहिले. सगळं ठीक, आणि फेऱ्यांचा काटा खालीच चाललेला. मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे ढकलला तर इंजिन आणखीच गुदमरलं. खाली कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, होती. लांबून सपाट दिसतात, पण मधल्या एखाद्या धुऱ्याच्या बांधावर चाक अडकलं की विमान पालथंच होणार. त्याच्या पलीकडे पाणी. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मामा डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. ते ऐकत होते...

"थ्रॉटल मागं घे," ते म्हणाले.

"मामा, आपण खाली चाललो."

"मागं घे म्हणतो ना. टाकी कोंडली. झाकणाच्या कडेनं जेवढी हवा आत झिरपून राहिली तेवढंच पेट्रोल उतरन. तेवढंच माग तिले."

मागे घेतला. आवाज अर्ध्यावर आला. पण झटके थांबले. इंजिन कमी चालू लागलं, तरी सलग चालू लागलं. आम्ही हळूहळू उतरत धावपट्टीकडे वळलो. मामांनी आपला हात थ्रॉटलवरच्या माझ्या हातावर ठेवला होता, मी घाबरून पुन्हा पुढे ढकलू नये म्हणून. मी दोनदा ढकलायला गेले. दोन्ही वेळा तो हात हलला नाही. धावपट्टीच्या अलीकडच्या मोहाची पानं मला वेगवेगळी दिसली, इतक्या जवळून आम्ही गेलो. चाकं टेकली तेव्हाच त्यांनी हात उचलला.

हँगरमध्ये जेवणाची सुटी होती, कोणी नव्हतं. मामांनी नळी सोडवली, आत तार घातली, आणि लुगड्याचा तुकडा बाहेर आला. जांभळा, पेट्रोलने ओला. मी म्हटलं, "फेका ते. कुंभारणीचं घर निघालं म्हणून सांगा." हे मी बोलले आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. निवृत्तीला आलेला माणूस, सगळा जन्म एका सहीवर उभा. ती सही एका चिंधीपायी जावी?

"अन् उद्या दुसरा कोणी असंच फडकं कोंबन," मामा म्हणाले, "त्याच्या सहीवर तू उडशीन. मंग?"

तळहातावर तो तुकडा तसाच उघडा ठेवून ते साहेबांच्या खोलीत गेले.

चौकशी झाली. सहीचा अधिकार गेला. शाळेने सामानाच्या खोलीत बसायला सांगितलं, तिथे त्यांचं मन लागलं नाही, आणि ते सानगडीला परतले. शाळेत मात्र नळीत फडकं घालणं बंद झालं. आता प्रत्येक टोपीला हातभर लाल पट्टी लोंबते. लोक म्हणतात, काय प्रामाणिक माणूस. म्हणायला काय जातं? त्यानंतर मामांनी शेजाऱ्याचा साधा पंपसुद्धा खोलला नाही. कोणी आणून ठेवला तर म्हणायचे, "दुसऱ्या कोणाले दाखव." मामीने उरलेली जुनी लुगडी भांडेवालीला देऊन टाकली, एकही ठेवलं नाही. आणि मी चिडून त्यांच्याशी वाद घालायचे. ते ऐकून घ्यायचे. माझ्यासाठी केलं म्हणून तर जास्त राग यायचा, हे त्यांना कधी सांगता आलं नाही...

तेरवी झाली, पाहुणे गेले, तेव्हा मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मले बसवशीन का त्या इमानात?" मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यायनं सही सोडली तुह्यासाठी. मी तं तवापासून भेऊनच राहिली. कायले सोडली, ते पाहू दे मले."

रीतसर परवानगी काढली. मामी नवं पातळ नेसून आली. मामांच्या जागेवर बसवलं, पट्टे आवळले, कानांवर हेडफोन चढवले. मी स्टार्टरची किल्ली धरली.

"ते हवेची नळी पाहली का?"

"पाहिली, मामी."

"पुन्हा पाह."

मी किल्ली काढली, पट्टा सोडला, खाली उतरले आणि पंखाखाली वाकून पुन्हा पाहिलं.