माझ्या पाठीच्या मापाची बॅग
कपाटावरून ब्लँकेटं काढताना मुलीची जुनी ट्रेकिंगची बॅग खाली आली, आणि तिच्या नायलॉनच्या कुबट वासाबरोबर तेल अवीवमधलं ते दुकान आठवलं. लष्करातून सुटल्यावर चार दिवसांनी मुलगी डोंगर चढायला निघणार होती, सहा महिने, तेही भारतात, जिथून आम्ही कायमचे निघून आलो होतो. तिला लष्करी तळावरून सुट्टी मिळेना, म्हणून बॅग घ्यायला मी गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, मुलीची उंची नको, पाठ सांगा." आमची पाठ सारखीच, तिच्या मावसबहिणीच्या मेंदीला माझं पोलकं तिला नीट बसलं होतं. मग त्याने मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत माझंच माप घेतलं, साठ लिटरच्या बॅगेत बारा किलो वाळू घालून ती माझ्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले, त्यांवर पेनने खुणा केल्या आणि "जरा फिरून बघा" म्हणत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मला बकल उघडेना, धड बसताही येईना. तेवढ्यात मुलीचा फोन आला. "अगं, मी अडकलेय यात!" मी म्हटलं. ती हसत, हिब्रूत आईला हाक मारत म्हणाली, "इमा, खांद्याला काचतेय का, तेवढं सांग." त्या मापाची ती एकच बॅग उरली होती, दुसरी यायला आठवडा लागणार होता. काचते म्हटलं असतं, तर ती आठवडाभर तरी थांबली असती. पण सगळा भार कमरेवर अगदी बरोबर बसला होता. "नाही काचत," मी म्हटलं. आज बॅग खाली घेऊन पाहिली, तर पट्टे अजून त्याच खुणांवर आहेत.