ब च्या शेजारी ण

डॉक्टरांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. म्हणाले, "काकू, तुमचं पूर्ण नाव लिहा. खाली कुठे राहता तेही लिहा." मी लिहिलं. हात थरथरला नाही की पेन कुठे अडलं नाही. मग त्यांनी कागद पालथा घातला, झोप कशी लागते, भूक लागते का, असं इकडचं तिकडचं विचारलं आणि तोच कागद पुन्हा माझ्यापुढे धरला. "आता हे वाचा."

मी बघत बसले. निळ्या शाईच्या दोन ओळी होत्या. वर रेघा होत्या, खाली वळणं लोंबत होती. त्यातलं एकही अक्षर मला ओळखता येईना. मी विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

शेजारी माझा मुलगा निखिल बसला होता. तो खिडकीतून माजिवड्याच्या पुलाकडे बघायला लागला.

आजाराचं नाव डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं, अ‍ॅलेक्सिया विदाउट अ‍ॅग्राफिया. मग सोपं करून सांगितलं. मला स्ट्रोक आला होता. मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला, एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डोळे शाबूत, हात शाबूत, पण डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर भाषेपर्यंत पोचवणारा रस्ताच बंद. "तुम्हाला लिहिता येईल, काकू. पण लिहिलेलं वाचता येणार नाही. उजवीकडचं थोडं दिसणंही गेलंय."

माझा विश्वास बसेना. एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसले. ज्या डॉक्टरांचं अक्षर केमिस्टला लागायचं नाही, ते मी लावून द्यायचे. आणि आता मला माझंच नाव लागत नव्हतं?

हे सुरू झालं तीन दिवस आधी, मंगळवारी सकाळी, ठाकुर्लीला आमच्या घरी.

सून पल्लवीला सातवा महिना होता. येणाऱ्या बाळासाठी मी क्रोशाने मुळाक्षरांचं पांघरूण विणत होते. अ पासून ज्ञ पर्यंत अठ्ठेचाळीस चौकोन, आठ ओळी, प्रत्येक ओळीत सहा. लोकर कल्याणच्या बाजारातून मी स्वतः निवडून आणलेली. आधी रंगीत चौकोन विणायचा, मग त्यावर जाड लोकरीची साखळी ओढत अक्षर काढायचं. ते हाताला उठून लागतं. सगळे चौकोन तयार होते, क्रमाने लावून पिशवीत ठेवले होते. फक्त जोडायचे राहिले होते.

त्या सकाळी मागून डोकं ठणकत होतं. मी पिशवी उघडली, वरचे दोन-चार चौकोन बघितले आणि मला वाटलं, ही कसली वेलबुट्टी? अक्षरं कुठे गेली? मी सगळे चौकोन पलंगावर ओतले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. पिवळा पिवळा दिसत होता, हिरवा हिरवा. अक्षर मात्र एकातही नाही. पल्लवीने गंमत म्हणून बदलले की काय, असंसुद्धा डोक्यात आलं. मग घाबरून सगळे गोळा केले आणि पिशवीत कोंबले.

कोणाला बोलले नाही. चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं स्वतःला सांगून दुसऱ्या दिवशी रिक्षा करून एकटीच डोंबिवलीला चष्मेवाल्याकडे गेले. वाटेत दुकानांच्या पाट्या सरकत होत्या, एक लागेल तर शपथ.

हे वाचणाऱ्यांनो, इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. अचानक वाचता येईना, एका बाजूचं दिसेना, बोलता येईना, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. रिक्षा सरळ हॉस्पिटलकडे वळवा. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही तासांत आला असतात तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं. आणि बीपीची गोळी मी आठवणीने विसरायचे, हेही कबूल करून टाकते.

चष्मेवाल्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला. मला काहीच सांगता येईना. त्याने काचा बदलल्या, तरी तेच. मग तो संकोचून म्हणाला, "मावशी, वाचता येत नाही का? तसं सांगायचं ना, दुसरा तक्ता लावतो." दुसऱ्या तक्त्यावर जेवायच्या काट्यांसारखी चित्रं होती. काट्याची तोंडं कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. मी अगदी खालच्या ओळीपर्यंत सगळी बरोबर दाखवली. तो म्हणाला, "नजर तर एकदम क्लिअर आहे तुमची."

मी दुकानाबाहेर येऊन पायरीवर बसले. तशाच काट्यांच्या तक्त्यासमोर मी माझ्या आईला बसलेलं पाहिलं होतं. तिला आम्ही बाय म्हणायचो. बाय शाळेत गेलेली नव्हती. मी सातवीत असताना बुद्धविहारात संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथे ती जायला लागली. घरी ती ताटात तांदूळ पसरायची आणि मी तिचं बोट धरून अक्षर गिरवून घ्यायचे. तिला जमायचं नाही. मी चिडायचे. "बाय, एवढं साधं कसं कळत नाही गं तुला?" ती ताट हलवून तांदूळ सारखे करायची आणि म्हणायची, "परत दाखव."

पायरीवर बसून मी रडले. मग निखिलला फोन लावून सगळं सांगितलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात एमआरआय झाला, हृदयाचा इको झाला, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर झाला. प्रत्येक दाराबाहेर बाकं होती आणि प्रत्येक दारावर पाटी. कुठली पाटी काय सांगते ते मला कळेना. मी पाटीखाली बसायचे आणि निखिलला विचारायचे, "आपण कुठे आहोत?" एकदा बाथरूमला गेले ती पुरुषांच्यात शिरले. नर्सने मला हाताला धरून बाहेर आणलं, तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वाचता न येणारी किती माणसं माझ्या खिडकीसमोर उभी राहिली असतील! "पाटी दिसत नाही का?" असं मीही खेकसले आहे.

सहा दिवसांनी घरी आले. रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी. पाकिटांवर पल्लवीने सूर्य आणि चंद्र काढून दिले.

रिकामं बसवेना, म्हणून पांघरूण जोडायला घेतलं. पल्लवी म्हणाली, "आई, मी चौकोन हातात देत जाऊ का?" मी फटकन म्हटलं, "काही गरज नाही. मी क्रमाने लावूनच ठेवलेत." हाताला सुईची सवय होतीच. पिशवीतून वरचा चौकोन घ्यायचा आणि जोडायचा. पंधरा दिवसांत पांघरूण झालं. पल्लवी म्हणाली, "किती छान झालंय!" निखिलने फोटो काढला. मी सुखावले. घरात दोघं अधूनमधून एकमेकांकडे बघतात, एवढं जाणवत होतं, पण ते माझ्या आजारामुळे असेल असं वाटलं.

कल्याणला आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्टकडे जायचे. वाचा आणि भाषा परत शिकवणारी ही तज्ज्ञ, वयाने माझ्या मुलीसारखी. ती म्हणाली, "डोळ्यांचा रस्ता बंद आहे, पण हाताचा उघडा आहे. अक्षर बोटाने गिरवा, हात मेंदूला सांगेल." मला राग आला. या वयात तांदळाचं ताट? दोन आठवडे मी घरी एकही अक्षर गिरवलं नाही.

मग एका दुपारी पांघरूण मांडीवर घेऊन बसले होते. बोट आपसूक एका साखळीवरून फिरलं. खाली, गोल, आत तिरपी रेघ, पुढे दांडा, वर आडवी रेघ. ब! मी दचकले. डोळ्यांना अजून ती वेलबुट्टीच दिसत होती, पण बोट ब म्हणत होतं. ब नंतर भ. मी शेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं.

बोट म्हणालं, ण.

असं कसं? परत फिरवलं. ण. पुढचा चौकोन, ऊ. त्याच्या पुढचा, ह. सगळा आनंद ओसरला. म्हणजे बोटही खोटं बोलतंय, डोकं आणखी बिघडलंय. मी ती ओळ तीनदा गिरवली. तीनही वेळा तेच आलं. काय चुकतंय तेच कळेना. लोकर की मी? माझी पाटी पुसली होती, खरंखोटं कशाशी ताडून बघणार?

शेवटी हाक मारली. "पल्लवी, इकडे ये. आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. हा ब आहे का?"

"हो, आई."

"आणि याच्या शेजारी ण?"

मी मान वर करून पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हो आई, ण आहे. मग ऊ, मग ह. सगळंच उलटसुलट जोडलंय तुम्ही. आम्ही बोललो नाही, सॉरी. तुम्ही एवढ्या खूश होता."

तेव्हा कुठे त्या मंगळवारची आठवण झाली. मीच तर चौकोन पलंगावर ओतले होते आणि कसेही कोंबले होते. पण तो विचार नंतरचा. आधी मी ओरडले, "म्हणजे मी बरोबर वाचलं!" निखिल आतल्या खोलीतून धावत आला. त्याला वाटलं मी पडले. माझी चूक सापडली म्हणून माझ्या घरात इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग दोघांना शिव्याही घातल्या. चुकीचा केसपेपर मी कधी पुढे सरकवला नाही आणि माझ्याच नातवंडाला चुकीची मुळाक्षरं पांघरायला देणार होतात? सगळं उसवलं. या वेळी एकेक चौकोन बोटाने वाचून, मगच जोडला. महिना लागला. ज्ञ जोडला त्याच्या चौथ्या दिवशी नात झाली.

आज आठ महिने झाले. डोळ्यांचं वाचणं परत येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. वर्तमानपत्राची एक बातमी मी तळहातावर बोट फिरवत अर्ध्या तासात लावते. हा लेख मी माझ्या हाताने लिहिला आहे. लिहिलेलं मला डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून पल्लवी वाचून दाखवते आणि मी सुधारते. डॉक्टरांचे, त्या थेरपिस्ट मुलीचे, निखिलचे उपकार आहेतच.

पण परवाचं सांगते. नात पांघरुणावर झोपली होती आणि मी कडेने एक अक्षर गिरवत होते. येईना. बोट चारदा फिरवलं तरी येईना. पल्लवी शेजारीच बसली होती. तिला दिसत होतं, तोंडावर आलंही असेल. ती बोलली नाही, उसासली नाही, नुसती थांबून राहिली. पाचव्यांदा मला लागलं, झ.

बायला मी एवढा वेळ कधी दिला नव्हता.