ताईंच्या खिडकीतलं पाणी

बस डेपोच्या वर्कशॉपात गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याला सगळे काचवाला म्हणत. ती जागा एका बाईला मिळाली, तेव्हा तिला काय म्हणायचं हा प्रश्नच पडला. काही दिवस 'मॅडम' म्हणून झालं, काही दिवस नुसत्या 'अहो'वर भागलं, आणि मग कुणीतरी 'काचकाकू' म्हणालं. ते नाव असं चिकटलं, की काकू निवृत्त झाल्या तरी सुटलं नाही. त्याच डेपोत ड्रायव्हर असलेल्या त्यांच्या नवऱ्यानं एकदा गमतीनं घरीही तशी हाक मारली होती. काकूंनी नुसतं वळून पाहिलं. ती हाक पुन्हा घरात आली नाही.

काकूंचं काम चोख होतं आणि ते चोख आहे हे त्या स्वतःच सांगत. खोटा विनय त्यांना जमत नसे. गाडी खड्ड्यातून गेली की कुठली काच वाजते, ती रबर सुकल्यामुळे वाजते की स्क्रू ढिला झाल्यामुळे, हे त्या मागच्या बाकावर बसून डोळे मिटून सांगत. नातेवाइकांकडे गेल्या तरी चहा येईपर्यंत त्यांचा हात खिडकीच्या कडीवर असे. "बस जरा निवांत," नवरा म्हणे. "निवांतच आहे की," असं म्हणत काकू बिजागरीत तेल सोडत.

फक्त एका घरातल्या खिडक्यांना त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते घर थोरल्या नणंदेचं. ताई मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख होत्या. लग्न केलं नव्हतं, आवाज खणखणीत आणि शिस्त अशी, की त्यांच्यापुढे कुणी हूं की चूं करत नसे. काकूंना डेपोत नोकरी लागली त्या दिवशी ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आता आमच्या घरातली सून बसखाली लोळणार! लोकांना तोंड कसं दाखवायचं?" त्यानंतर लग्नकार्याला भेटायचं, वाकून नमस्कार करायचा आणि निघायचं, एवढंच नातं उरलं. ताईंनीही त्यापलीकडे कधी पाऊल टाकलं नाही.

आणि एक दिवस ताई घरातच घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली आणि डॉक्टरांनी घरी सोडलं. बजावलं मात्र, की सोबतीला सतत कुणीतरी हवं.

"माझी बहीण आहे," नवरा घरी येऊन म्हणाला, "पण तिचे कपडे बदलणं, तिला बाथरूमला नेणं माझ्याच्यानं कसं व्हायचं? आणि बाई ठेवू म्हटलं तर ती दोन बायकांना आधीच पळवून मोकळी झालीय."

"मी जाते," काकू म्हणाल्या.

"नक्की?"

"मला काय खाणार आहेत का त्या?"

नवरा त्यांची पिशवी शोधायला उठला.

ताईंचा पलंग हॉलमध्ये आणून ठेवला होता, म्हणजे वॉकर घेऊन वळायला जागा मिळेल. समोरच भिंतभर रुंदीची सरकती खिडकी. काकू आत आल्या तेव्हा ताई छताकडे बघत पडल्या होत्या. "आलीस?" एवढंच म्हणाल्या. पिशवी खाली ठेवताना काकूंचं लक्ष जमिनीकडे गेलं. खिडकीखालच्या फरशीवर पाण्याचा पिवळट डाग होता आणि भिंतीचा रंग फुगून पोपडे निघाले होते.

"ताई, तुम्ही पडलात कुठे?"

"तिथेच. पाऊस झाला की पाणी आत येतं. पुसायला उठले आणि पाय गेला."

काकूंचे हात शिवशिवले. पण पहिल्याच दिवशी घरात ढवळाढवळ नको म्हणून त्या गप्प राहिल्या. ही गप्प राहण्याची तपश्चर्या स्वयंपाकघरात जाईपर्यंतच टिकली. तिथली लाकडी खिडकी बंद होती, काचेला आतून घाम फुटला होता, कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके. काकूंनी कडी काढून ढकलून पाहिलं. खिडकी जागची हलेना.

"ती उघडत नाही," बाहेरून ताईंचा आवाज आला. "रंग दिल्यापासून. जोर लावू नकोस, काच फोडशील."

"काच फोडायला मी इथे आलेच नाही," काकू पुटपुटल्या आणि कांदा चिरायची बारीक सुरी घेतली. रंगवाल्यानं फळी आणि चौकट मिळून एकच हात मारला होता, त्यामुळे सगळी फटच रंगानं बुजली होती. काकूंनी सुरीचं टोक त्या रेघेवरून चारी बाजूंनी फिरवलं, हाताच्या तळव्यानं कडेकडेला ठोकलं, आणि खिडकी कुरकुरत उघडली. वारा आत आला. मग घासत होती त्या कडेला मेणबत्ती चोळली. खालची बिजागरी लोंबत होती, कारण स्क्रूचं भोक मोठं झालं होतं. त्या भोकात काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठासल्या आणि वाळल्यावर त्यातच स्क्रू आवळला. संध्याकाळपर्यंत खिडकी एका बोटानं उघडत होती.

"वास कसला येतोय?" ताईंनी विचारलं.

"बाहेरच्या हवेचा. सवय नाही ना, म्हणून वाटत असेल."

रात्रीच्या जेवणात ताईंनी भाजी पुन्हा मागून घेतली.

मग काकूंनी हॉलच्या खिडकीला हात घातला. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि फरशीवर पुन्हा पाणी होतं. काकूंनी ते पुसलं, सरकत्या काचा पुढेमागे करून पाहिल्या, वर्तमानपत्राची पट्टी दोन काचांच्या मध्ये धरून ओढली. पट्टी अलगद सुटून हातात आली.

"हे बघा," त्या ताईंना म्हणाल्या, "कागद असा सुटतो म्हणजे फट आहे. आतली मऊ पट्टी झिजलीय. वारा पाणी घेऊन आत घुसतो. पट्टी बदलते, बाहेरून खालच्या कडेला सिलिकॉन मारते, संपलं."

"नक्की?"

"लिहून देते."

नवरा डबा घेऊन आला तेव्हा त्याला दुकानात पिटाळलं. पट्टी आणि सिलिकॉनची नळी आली. काकूंनी झिजलेली पट्टी बदलली, मग काचा एका बाजूला सारून, खिडकीबाहेर हात घालून, खालच्या चौकटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सिलिकॉनची सुरेख सलग रेघ ओढली. बोट ओलं करून ती गुळगुळीत केली. इतकं देखणं काम झालं, की नवऱ्यालाही उभं राहून बघायला लावलं.

"आता येऊ दे पाऊस," काकू म्हणाल्या.

पाऊस आला. दुपारची वेळ, ताईंना उशी देऊन बसवलं होतं आणि काकू छाती पुढे काढून खिडकीशी उभ्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चौकटीच्या आतल्या काठावरून पाण्याची एक धार निघाली, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता अख्ख्या रुंदीभर पाणी आत सांडू लागलं. आधी येत होतं त्याच्या दुपटीनं. काकू फडकी, टॉवेल, जे हाताला लागेल ते टाकत सुटल्या. पुसताना त्यांचे कान तापले होते. आता पाठीमागून काहीतरी येणार, याची त्या वाट बघत होत्या. इतक्या वर्षांनी ताईंना आयतं हातात मिळालं होतं.

"अगं, ऐक," ताई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "तू ज्या फटीच्या मागे लागलीस ना, तिथून पाणी येतच नाही."

काकू गुडघ्यावर बसल्याबसल्याच वळल्या.

"मी इथे पडून दुसरं काय बघते दिवसभर? पाणी काचेवरून ओघळून खालच्या त्या रुळात जातं. तिथे साठतं. तळं होतं त्याचं. आणि भरलं की आत उतू जातं, दूध उतू जातं तसं. वारा असो नसो. आज वारा कुठे होता?"

काकू रुळाकडे बघत राहिल्या. ज्यावर काचेची चाकं पळतात तो खोलगट रूळ काठोकाठ भरला होता. बसच्या खिडकीलाही खाली असाच रूळ असतो, आणि त्याला बाहेरच्या बाजूनं छोटी भोकं असतात, आत आलेलं पाणी बाहेर जायला. चिखलानं ती बुजली की प्रवाशाच्या मांडीवर पाणी. वर्कशॉपात काकूंनी अशी भोकं तारेनं किती वेळा मोकळी केली होती याला गणती नव्हती. आणि इथे, ताईंसमोर काम करून दाखवायच्या घाईत, ती आहेत की नाहीत हेही पाहिलं नव्हतं.

"मी बूच मारलं," त्या म्हणाल्या. "थोडंफार झिरपत असेल तेही मीच बंद केलं."

"मग आता?"

"आता माझंच काम मी उखडते."

पाऊस थांबल्यावर त्यांनी ती देखणी रेघ सुरीच्या पात्यानं खरवडून काढली. खाली चौकटीवर रंगाचा जाड थर होता. काकूंनी त्यावरून बोट फिरवत नेलं, आणि एका ठिकाणी बोट किंचित खाली गेलं. तिथे तार खुपसली. रंगाची टिकली निघाली, मग सिमेंटचा खडा, मग मातीचा काळा चिखल. पुढे आणखी एक भोक होतं, त्यापुढे आणखी एक. रुळात साठलेलं पाणी गुळगुळ आवाज करत बाहेर निघून गेलं.

तपासून बघायला काकूंनी पाण्याची बादली आणि प्लास्टिकचा मग आणून ठेवला आणि घाम पुसला. ताई उशीवरून वाकून बघत होत्या.

"तुझ्या नोकरीवरून मी एकदा काय बोलले होते, आठवतंय तुला?" ताईंनी विचारलं.

"शब्दन् शब्द."

"मलाही."

रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"मग?" काकू म्हणाल्या.

"मग काय मग! तो मग इकडे दे. मला ओतून बघायचंय."

काकूंनी वॉकर पुढे सरकवला. ताई दात आवळून उठल्या, खिडकीपर्यंत आल्या, आणि काकूंनी कमरेला आधार दिल्यावर मगभर पाणी रुळात ओतलं. पाणी झर्रकन बाहेर गेलं. ताईंनी आणखी एक मग मागितला. मग आणखी एक. फिजिओथेरपीवाली मुलगी उठा म्हणून खनपटीला बसे तेव्हा ताई दारापर्यंत जायला कुरकुरत, आणि आज खिडकीशी उभ्या राहून बादली रिकामी करत होत्या.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे होते, हातात ओला सदरा.

"वरून पाणी पडतंय. इस्त्रीचे कपडे भिजले माझे!"

काकू तोंड उघडणार, तेवढ्यात आतून वसतिगृहाचा आवाज घुमला. "पाऊस नुकताच पडून गेलाय आणि तुम्ही इस्त्रीचे कपडे खिडकीबाहेर टांगता?"

गृहस्थ क्षणभर विद्यार्थ्यासारखे सरळ उभे राहिले. "नाही, म्हणजे... आमची खिडकी बंदच होत नाही ना. आत काठीला लावलेले कपडे जराशा झुळकीनंही बाहेर जातात."

"का बंद होत नाही?" काकूंनी विचारलं.

"अडकते मध्येच. फार जोर लावावा लागतो. दोन माणसांचं काम."

"चाकं गेलीत," ताई आतून म्हणाल्या. "रोज सकाळी खालून खडखड ऐकू येते. चाकंच."

काकूंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. ताई गंभीर चेहऱ्यानं मग पुसत होत्या. "जा, बघून ये," त्या म्हणाल्या. "मी बसते इथे. मला काय खाणार आहे का कुणी?"

काकूंनी त्यांना नीट खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट दिला, फोन हाताशी ठेवला आणि पेचकस घेऊन खाली गेल्या. खिडकीची काच दोन्ही हातांनी उचलून त्यांनी रुळातून वेगळी केली, गृहस्थांच्या सोफ्यावर सतरंजी टाकून आडवी ठेवली आणि तळाशी वाकून पाहिलं. एक चाक झिजून अर्धचंद्र झालं होतं, दुसऱ्याभोवती केसांचा नि धाग्यांचा गुंता.

"काय निघालं गं?" वरून, उघड्या खिडकीतून ताईंची हाक आली. एव्हाना समोरच्या इमारतीतल्या दोनतीन खिडक्याही उघडल्या होत्या.

"चाकं!" काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडून सांगितलं.

"दोन्ही?"

"एकच! दुसरं साफ केलं की चालेल!"

"साफबिफ नको, दोन्ही बदल!" वरून हुकूम आला. "बदलायचं तर जोडीनं बदलावं!"

काकूंनी गृहस्थांकडे पाहिलं. "ऐकलंत ना? दोन आणा," त्या म्हणाल्या, आणि जुनं चाक नमुन्याला म्हणून त्यांच्या हातावर ठेवलं.