पस्तिशीचा पक्ष

पक्ष चालू असतो तेव्हा किस्से सांगायला वेळ नसतो. पक्ष बुडाला, की मग किस्सेच किस्से! आम्ही उरलेले चार-पाच जण अजून धुळ्यातल्या देवपूरच्या एका चहाच्या दुकानात भेटतो. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला आठवतंच. पोट धरून हसतो आणि मग सगळेच एकदम गप्प होतो.

पक्षाचं नाव सांगत नाही. आता ते ऐकून कुणाला काही आठवणारही नाही.

*

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. देवपुरात माझ्या खोलीवर आम्ही अकरा जण जमलो. सगळ्यांत पुढे रघुनाथ. हायस्कुलातली मास्तरकी महिन्यापूर्वीच सोडून आलेला. त्याने पहिल्याच बैठकीत नियम मांडला, "पस्तीस पूर्ण झाली की ना पद, ना तिकीट. म्हाताऱ्यांनी खुर्च्या अडवल्या म्हणून तर आपण पक्ष काढतोय!"

टाळ्या पडल्या. आम्ही तेव्हा चोवीस-पंचवीसचे. पस्तीस म्हणजे आम्हाला थेट काठी टेकत चालण्याचं वय वाटायचं.

मी कार्यालयीन सचिव झालो. म्हणजे खोलीही माझीच आणि कुलूपही माझंच.

*

पहूरला पहिली सभा स्टँडजवळ घेतली. दीडशे माणूस! रघू हमीभावावर असा काही बोलत होता, की मलाच भरून आलं. तेवढ्यात एसटी आली आणि सभा गाडीत चढली.

एक आजोबा मात्र जागचे हलले नाहीत. रघू खाली उतरला, त्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखा एक श्रोता असला तरी पुरे."

"बोला, बोला," आजोबा म्हणाले. "माझी गाडी जामनेरची आहे, तिला अजून टाइम आहे!"

*

भडगावला पाण्यासाठी मोर्चा काढला. गिरणा नदी उशाशी असून नळ कोरडे. रिकामे हंडे घेऊन तीनशे बाया आणि पुढे आम्ही. तहसीलदार साहेबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"तुमच्यात मोठं माणूस कोण आहे? पोरासोरांशी मी बोलत नाही."

आता आली का पंचाईत! शेवटी शेजारच्या चहावाल्या आबांना हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. आबा अर्धा तास नुसते "हां" म्हणत होते. साहेबांनी सगळ्या मागण्या मान्य केल्या.

पक्षाचा हा पहिला विजय, आणि तो मिळवला साठीच्या माणसाने. तेही सभासद नसलेल्या! रघूला हे सांगून आम्ही चिडवायचो. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं.

*

त्यानंतर पक्ष वाढला, खरोखर वाढला. गावोगाव पाट्या लागल्या. कॉलेजातली पोरं सायकलवर झेंडे लावून येऊ लागली. रघूसाठी स्थळंही येऊ लागली.

रावेरकडचे एक केळीवाले बागाईतदार मुलीसाठी आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पस्तिशीनंतर काय करणार?"

"सतरंज्या उचलणार," रघू म्हणाला.

आम्ही खो खो हसलो. ते गृहस्थ हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. रघूचं लग्न राहिलं ते राहिलंच.

*

विधानसभा आली आणि पहिल्यांदाच वाटायला लागलं, की धुळ्याची जागा आपली. दहा वर्षं रघूने गाव न् गाव तुडवलं होतं. लोक त्याला आत्ताच 'आमदार' म्हणून हाक मारत होते. पण आदल्याच जूनमध्ये त्याला पस्तीस पूर्ण झाली होती.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, "एवढ्या वेळी नियम बाजूला ठेवू." रघूने कागद काढून नियम वाचून दाखवला आणि म्हणाला, "बदलायचा असेल तर मत घ्या."

मत घेतलं. बदलाच्या बाजूने चारच हात वर झाले. माझा त्यात नव्हता. वर्षभरापूर्वी एका ठेकेदाराचा मुलगा, नितीन, पक्षात आला होता. सव्वीस वर्षांचा, बोलायला गोड, आणि सोबत दोन जीप. मला जीपची सवय लागली होती. हे मी आजवर रघूला सांगितलेलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

*

नितीन निवडून आला. गुलालात आम्ही ओळखू येत नव्हतो. सहा महिन्यांत तो सत्ताधाऱ्यांच्या पक्षात गेला आणि जाताना निम्मा पक्ष घेऊन गेला.

त्याला पेपरवाल्याने कारण विचारलं तर म्हणाला, "तरुण रक्ताला वाव पाहिजे!"

त्या दिवशी कार्यालयात आम्ही दोघंच होतो. रघू सतरंज्यांच्या घड्या घालत होता. मला रडू आलं. तो म्हणाला, "दुसरं टोक धर."

*

आणखी एक किस्सा आहे. तो आमच्यातलं कुणीच चहाच्या दुकानात काढत नाही.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीनपर्यंत मुदत. दोनच्या सुमाराला रघूची माय कार्यालयात आली. सोबत गावचे म्हातारे, निवृत्त गुरुजी. माय उभ्याउभ्याच म्हणाली, "रघू, शाळामा टाकतांना गुरुजीनी तुन्हं वय दोन वरीस वाढाई दिन्हं व्हतं. तू आते तेहेतीसनाच शेस!"

गुरुजींनी कोऱ्या कागदाची घडी उलगडली. "चूक माझी आहे. आत्ता लिहून देतो, सही करतो. अजून तासभर आहे."

नितीनचा चेहरा उतरला.

रघूने मायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "माले ठाऊक शे, माय," तो म्हणाला. मग गुरुजींकडे वळला, "गुरुजी, त्या वर्षी तुम्ही एकट्या माझंच वाढवलं होतं?"

"नाही रे. सगळ्या वर्गाचं."

"त्यांच्यातलं कोणी आलं होतं का दाखला बदलून मागायला?"

रघूने गुरुजींच्या हातातला कागद घेतला, नीट घडी करून त्यांच्याच खिशात ठेवला, वाकून पाया पडला. मग नितीनला म्हणाला, "चल. तुझ्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही राहिली आहे."