नीरव्वा आणि रांजणाचं पाणी

नीरव्वांबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. कुणी आठवण काढली की त्यांचे किस्से सांगून लोकांना हसवायचो, आणि जिथं माझं नाव यायचं नेमका तिथं चहा मागवायचो. आता डॉक्टरांनी चहाच बंद केला आहे. तेव्हा सगळंच सांगून टाकतो.

नीरव्वांच्या हातात कुणी पाण्याचा पेला दिला की त्या तो आधी उजेडात धरत, मग वास घेत, मग देणाऱ्याकडे बघत. तोवर देणाऱ्याचा घसा कोरडा पडलेला असे. सोलापुरात सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत त्या केमिस्ट होत्या आणि मी गावोगावचे नमुने आणणारा. त्या मूळच्या दुधनीच्या. घरात कन्नड, ऑफिसात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. कन्नडमध्ये नीर म्हणजे पाणी, अव्वा म्हणजे आई. हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागे पाडलं होतं आणि त्यांना ते माहीत नाही अशी आमची समजूत होती. एकदा त्यांनीच फोन उचलून "हां, नीरव्वाच बोलतेय की" असं सांगितलं, तेव्हा ती समजूत गेली.

त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसे, पण औषधाची एक छोटी बाटली आणि काचेची नळी कायम असे. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. त्याला त्या ‘हळद लागली’ म्हणत. आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नात नवरीला हळद लागलेली होती, पण पंगतीच्या पाण्याला नव्हती. नीरव्वांनी वाढप्यांना जागच्या जागी थांबवलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. मानपानात काही बिनसलं असं समजून खुद्द नवऱ्या मुलाचा बाप हात जोडून पुढे आला आणि आमचं काही चुकलं का म्हणून विचारू लागला.

"तुमचं नाही, टँकरवाल्याचं," नीरव्वा म्हणाल्या. "आता आलाच आहात तर जरा ढवळा."

डोक्यावर फेटा, हातात बांबू, अशा थाटात त्या गृहस्थांनी नीरव्वांनी पाण्याच्या ड्रममध्ये टाकलेली क्लोरीनची पावडर ढवळली. अर्ध्या तासानं नळीतलं पाणी पिवळं झालं आणि पंगत बसली.

प्रयोगशाळेत लोक मिळेल त्यात पाणी घेऊन येत. मोहोळकडच्या एका शेतकऱ्यानं विहिरीचं पाणी दारूच्या क्वार्टरमधून आणलं. नीरव्वांनी बाटलीचा वास घेतला आणि याचा रिपोर्ट आत्ताच तोंडी देते म्हणाल्या. मग त्यांनी त्याला आमची निर्जंतुक बाटली दिली आणि आतून हात लावायचा नाही, हे तीन-तीनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी बाटली आली ती लखलखीत.

"राखंनं घासून आनली, मॅडम. तुमची जरा मळकी वाटली म्हनून."

नीरव्वांनी कपाटातून दुसरी निर्जंतुक बाटली काढली. मग मला म्हणाल्या, "माने, तुम्हीच जा. आणि तुम्ही तरी घासू नका."

नमुना घेण्याआधी नळाचं तोंड आगीनं शेकून घ्यावं लागतं, म्हणजे तिथं चिकटलेले जंतू मरतात. मंगळवेढ्याकडच्या एका गावात नीरव्वांनी चिमट्यात स्पिरिटचा पेटता बोळा धरून तो नळाभोवती फिरवला. पाण्याला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून बघू लागल्या. एका म्हातारीनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. पुढच्या खेपेला मी एकटा गेलो, तर नळाला हळदकुंकू वाहिलेलं आणि समोर नारळ.

"बाई न्हाई आल्या व्हय?" म्हातारीनं विचारलं. "मग आरती कोन करनार?"

मीच केली. ऑफिसात येऊन नीरव्वांच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या, आणि मग गंभीरपणे म्हणाल्या, "करू दे की. जाळ तर लागतोय ना नळाला?"

याच गावानं एका उन्हाळ्यात मला भलंमोठं कलिंगड दिलं. नमुन्यासाठी माझ्याजवळ बर्फाची पेटी होती. कलिंगडही गार होईल म्हणून मी ते बाटलीशेजारी कोंबलं. एसटीनं एका खड्ड्यात अशी काही उडी घेतली की पेटीतून काच फुटल्याचा आवाज आला. उघडून पाहिलं तर कलिंगड शाबूत आणि बाटलीचा चुरा. परत गावाला जायचं तर उलटी एसटी संध्याकाळी. आमची गाडी पुढे एका हॉटेलपाशी चहाला थांबली. जवळ एक रिकामी बाटली शिल्लक होती, आणि हॉटेलच्या दारात रांजण होता. गावचं पाणी तर नेहमीच चांगलं येतं, हेही चांगलंच असणार, असा हिशेब करून मी बाटली भरली. वर स्वतःही त्यातलेच दोन पेले प्यालो.

रांजणानं माझा हिशेब त्याच रात्री चुकता केला. मी घरातल्या घरात इतक्या फेऱ्या मारल्या की बायकोनं मध्ये बसलेलं मांजर उचलून बाजूला ठेवलं. तिकडे प्रयोगशाळेत नमुन्याच्या प्रत्येक नळीत जंतूंचे बुडबुडे आले. नीरव्वा मिठासाखरेच्या पुड्या घेऊन माझ्या घरी आल्या. कसे आहात वगैरे काही नाही. पाणी कुठलं प्यालात, एवढंच विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "गावच्या नळाचं."

माझ्या पोटानं साक्ष दिल्यावर नीरव्वांना शंका उरली नाही. गावचा नळ बंद झाला. ऐन जत्रेत बायका उन्हातून लांबच्या विहिरीला जाऊ लागल्या. गावानं आरडाओरडा केला, दुसरीकडून तपासणी झाली, आणि पाणी स्वच्छ निघालं. माझं पोट उन्हानं बिघडलं असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. साहेबांनी सगळ्यांसमोर नीरव्वांना विचारलं की असं कसं झालं. मी दाराशी उभा होतो. नीरव्वांनी वाद घातला नाही.

"पाण्यात दोष नाही ना? मग माझाच हात चुकला असेल."

त्या दिवसापासून त्या प्रत्येक नमुना दोनदा तपासू लागल्या आणि वर दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावू लागल्या. लग्नांत पर्स उघडेनाशा झाल्या. लोक म्हणत, बाई आता निवळल्या. पुढे प्रयोगशाळेचं प्रमुखपद त्यांच्याकडे चालून आलं, तर ज्याचा हात चुकतो त्यानं रिपोर्टवर शेवटची सही करू नये, असं सांगून त्यांनी ते नाकारलं.

त्या निवृत्त होऊन दुधनीला गेल्यावर मी एकदा धीर करून रेल्वेत बसलो. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होतो. ओठ हलताना बघून शेजारचा माणूस मला जपाला बसलेला समजला आणि खिडकी देऊन मोकळा झाला. नीरव्वांना कोण आनंद झाला. पुरणाच्या होळगीवर तूप वाढता वाढता त्यांनी बहिणीला माझी ओळख करून दिली: "हे आमचे माने. यांच्यासारखा नमुने आणणारा परत मिळाला नाही. चूक झाली ती माझीच." बहीण माझ्याकडे कौतुकानं बघू लागली. मी होळगी गिळली, आणखी एक मागितली, आणि परतीच्या गाडीनं आलो.

या वर्षी त्यांच्या बहिणीचा फोन आला. नीरव्वा गेल्या. ‘तुमची आठवण काढायच्या,’ असं ती म्हणाली, आणि मी फोनवरही काही बोललो नाही.

बोलायचं होतं ते फार नव्हतं. नीरव्वा, ती बाटली त्या गावची नव्हती. हॉटेलच्या रांजणातून मी भरली होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. त्यात जंतू होते. तुम्हाला बरोबर दिसले होते. मला माफ करा. तुमचा हात चुकला नव्हता.